सणाचे ताट कोणी वाढायचे?

नाताळ महिना-सव्वा महिन्यावर आला की वसई-उत्तनपासून मुंबईतील जुन्या गावठाणांपर्यंत अनेक ख्रिस्ती घरांत चिनीमातीच्या बरण्या धुऊन उन्हात ठेवल्या जातात. काळ्या मनुका किंवा द्राक्षे, साखर, उकळून गार केलेले पाणी, थोडे यीस्ट आणि मूठभर गहू एवढीच सामग्री. तीन आठवड्यांनी ते पेय गाळून बाटल्यांत भरले जाते आणि सणाच्या दिवशी फुगे आणि इंद्याल यांच्या जोडीला पेलाभर वाइन पाहुण्यांपुढे येते. ती विकण्यासाठी केलेली नसते. शेजारच्या घरी एक बाटली जाते, तिकडून दुसरी येते, हिशेब तेवढाच. आणि ज्या घरात ही बरणी भरते त्याच घरात दोन-तीन महिन्यांनी राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळला जातो. त्या काळात शुक्रवारी मांस शिजत नाही आणि कित्येक पुरुष त्या दिवसांत पेल्याला हात लावत नाहीत. सणाचा पेला आणि व्रताचा त्याग या दोन्ही गोष्टी एकाच घराच्या पंचांगात सुखाने नांदत आल्या आहेत. कारण केव्हा काय घ्यायचे आणि केव्हा काय टाकायचे, हे त्या घराने आणि त्या समाजाने स्वतः ठरविलेले आहे.

राज्याच्या कायद्याच्या दृष्टीने मात्र ती बरणी हा गुन्हा आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यान्वये (आता त्याचे नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा असे आहे) परवान्याविना कोणतेही मादक पेय तयार करणे निषिद्ध आहे. मग ते विक्रीसाठी असो वा आजीच्या हातचे असो. नाताळच्या घरगुती वाइनसाठी पोलीस सहसा घरात शिरत नाहीत, हे खरे. परंतु जी गोष्ट केवळ अधिकाऱ्याच्या डोळेझाकीवर टिकून आहे तिला हक्क म्हणता येत नाही. केरळात २०१९ च्या नाताळापूर्वी अबकारी खात्याने घरी वाइन करणे हा गुन्हा असल्याचे जाहीररीत्या बजावले, तेव्हा तेथील ख्रिस्ती समाजात उठलेली खळबळ याच अनिश्चिततेतून आलेली होती.

प्रश्न एका समाजाच्या एका पेयापुरता असता तर साप्ताहिकाचे पान त्यासाठी खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु सणाच्या ताटात काय असावे आणि काय नसावे याचा निर्णय आज दोन बाजूंनी हिरावला जात आहे. पेयाच्या बाबतीत तो महसूल खाते आणि भांडवलदार घेत आहेत. मांसाच्या बाबतीत तो पालिकांचे आयुक्त घेत आहेत. या दोहोंचा एकत्रित विचार केल्याशिवाय त्यातील वर्गीय आशय ध्यानात येणार नाही.

प्रथम पेयाचा विचार करू. मोहाचे झाड ज्याच्या अंगणात आहे त्या आदिवासीला फाल्गुन-चैत्रात गळणारी फुले म्हणजे अन्न, गुरांचा चारा, अडीअडचणीचा पैसा आणि देवाचा मान, असे सारेच होते. लग्न, बारसे, मर्तिक आणि सणवार यांत मोहाच्या दारूला विधीचे स्थान होते. ब्रिटिश सरकारने १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मितीची सूत्रे आपल्या हाती घेतली. घरोघरच्या भट्ट्या बेकायदेशीर ठरल्या आणि मक्तेदारांच्या गुत्त्यांतून दारू विकत घेणे भाग पडले. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले गोळा करण्यावर व बाळगण्यावरच निर्बंध आले. या साऱ्यामागे प्रजेच्या आरोग्याची कळकळ नव्हती. घरात विनामूल्य होणारी वस्तू बाजारात समूल्य व्हावी आणि त्या मूल्याचा एक भाग तिजोरीत यावा, एवढाच हेतू होता. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर उपयोगमूल्याचे विनिमयमूल्यात केलेले हे सक्तीचे रूपांतर होय. जंगलावरील हक्क गेला त्याच काळात भट्टीवरील हक्कही गेला, हा योगायोग नव्हे.

स्वातंत्र्यानंतर धोरणाचा हेतू बदलला. यंत्रणा मात्र तीच राहिली. १९३७ च्या प्रांतिक मंत्रिमंडळात डॉ. गिल्डर यांनी हाती घेतलेली आणि १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात लागू झालेली दारूबंदी गांधीजींच्या विचारातून आली होती. १९४९ चा कायदा हा तिचाच वारस. घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मद्यबंदीचे उद्दिष्ट राज्यापुढे ठेवले आणि सर्वोच्च न्यायालयानेही १९५१ साली बालसारा खटल्यात या कायद्याचा बहुतांश भाग वैध ठरविला. पुढे १९६० च्या दशकात महाराष्ट्राने बंदी सैल केली. कायद्याचे नाव दारूबंदी राहिले आणि त्याचे काम दारूविक्रीचे नियमन व करवसुली हे झाले. आजही मद्यपानासाठी परवाना घ्यावा लागतो आणि तो प्रकृतीच्या रक्षणार्थ दिला जातो! यातील विनोद बाजूला ठेवला तरी त्यामागील वास्तव गंभीर आहे. १० जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने उत्पादनशुल्कात वाढ केली, धान्यापासून बनणाऱ्या मद्याचा 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा नवा प्रकार निर्माण केला आणि त्यातून सुमारे १४,००० कोटी रुपयांचा वाढीव महसूल अपेक्षित असल्याचे सांगितले. दारूबंदीचा कायदा आणि दारूच्या उत्पन्नाचे उद्दिष्ट एकाच खात्याच्या एकाच टेबलावर ठेवलेले आहेत.

वाइनच्या बाबतीत हा विरोधाभास अधिकच ठळक आहे. २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले. नाशिक-सांगली परिसरातील वाइन कारखानदारीला त्याद्वारे उत्पादनशुल्कात सवलती मिळाल्या आणि पुढे मूल्यवर्धित कराचा मोठा भाग परत देण्याची योजनाही आली. २७ जानेवारी २०२२ रोजी एक हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा-भांडारांत वाइन विकण्यास मंत्रिमंडळाने मान्यता दिली, तेव्हा द्राक्ष उत्पादक शेतकऱ्याचे हित हेच कारण पुढे करण्यात आले. शेतकऱ्याचे हित साधत असेल तर त्याला कोणाचा विरोध असणार? परंतु जे पेय कारखान्यात होते तेव्हा उद्योग ठरते, सवलतीस पात्र ठरते, दुकानाच्या फळीवर मांडण्याजोगे ठरते, तेच पेय स्वयंपाकघरात झाले की गुन्हा ठरते. दोहोंतील फरक मद्यार्काचा नाही. फरक भांडवलाचा आहे. आणि मोहाच्या हंडीवर छापा पडतो तेव्हा तो फरक केवळ कागदावर राहत नाही. नाताळच्या बरणीकडे डोळेझाक होते. पाड्यावरील आदिवासीला मात्र जामीन शोधत तालुक्याला जावे लागते. २०२१ साली राज्याने मोहफुलांच्या संकलनावरील आणि वाहतुकीवरील बंधने सैल केली, हे योग्यच झाले. पण फूल मोकळे झाले, हंडी मात्र गुन्हेगारच राहिली.

येथे पुष्कळ कार्यकर्त्यांच्या मनात एक आक्षेप येईल आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. महाराष्ट्रातील पुरोगामी चळवळीला दारूविरोधाची मोठी परंपरा आहे. जोतीराव फुले यांनी १८८० साली पुण्यात दारूच्या दुकानांच्या वाढत्या संख्येविरुद्ध नगरपालिकेकडे आवाज उठविला. १९७२ च्या सुमारास धुळे जिल्ह्यातील शहाद्याला श्रमिक संघटनेच्या आदिवासी स्त्रियांनी गावोगाव फिरून दारूची मडकी फोडली. ती मडकी परक्या कारखानदाराची नव्हती. बरीचशी गावातलीच होती. मजुरीचे पैसे गुत्त्यात जातात आणि मार घरी येतो, हे ज्या स्त्रीने सोसले आहे तिला 'परंपरेचे पेय' या शब्दांचे कौतुक कोणी सांगू नये. घरची दारू म्हणून ती निर्दोष होत नाही. परंपरेच्या नावाखाली पुरुषांच्या व्यसनाला आश्रय देणे हे समाजवादी भूमिकेत बसणारे नाही.

परंतु शहाद्याच्या स्त्रियांचे उदाहरण नीट पाहिले तर ते बंदीच्या कायद्याची नव्हे, तर स्वतःच्या निर्णयाची साक्ष देते. मडकी पोलिसांनी फोडली नाहीत. ती त्या स्त्रियांनी फोडली. कारण कायदा असूनही पोलिसांनी ती फोडली नव्हती. त्याच्या पन्नास वर्षे आधी, १९२२ मध्ये, पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी समाजात सुरू झालेली आणि दक्षिण गुजरातेतील आदिवासींमध्ये पसरलेली देवीची चळवळ याहूनही बोलकी आहे. देवीच्या आज्ञेच्या रूपाने हजारो आदिवासींनी दारू व ताडी सोडली, मांस-मासळी सोडली, स्वच्छता पाळण्याचे ठरविले आणि दारूविक्रेत्यांशी असहकार पुकारला. त्या भागात दारूच्या गुत्त्यांचे मालक हेच बहुधा सावकार आणि जमीनदार असल्यामुळे या त्यागाने त्यांच्या वर्चस्वावरच घाव पडला. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने या चळवळीवर १९८७ साली ग्रंथ लिहून तिचे हे स्वरूप उलगडून दाखविले. पुढे काही गावांत त्याग टिकला, काहींत लोक पुन्हा जुन्या आहाराकडे वळले, आणि 'वरजेला' व 'सरजेला' असे दोन पक्ष पडले. आज्ञा देवीची असली तरी ती मानायची की सोडायची, हे लोकच ठरवीत होते, एवढाच याचा अर्थ.

मांसत्यागाचा इतिहासही हेच सांगतो. वारकरी माळ घालतो ती स्वेच्छेने. त्या क्षणापासून मद्य-मांस वर्ज्य होते आणि त्यासाठी कोणत्याही पालिकेचा आदेश लागत नाही. मार्च १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले आणि गावोगावच्या महारवाड्यांनी ते मानले. तेथे त्यागाचे मूल्य आत्मसन्मानात होते. कोणाच्या भावना दुखावू नयेत म्हणून तो त्याग नव्हता. श्रावणात मराठी घरांतून मांस-मासळी कमी होते, त्यालाही श्रद्धेइतकाच व्यवहाराचा आधार आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि तो मासळीच्या प्रजननाचा काळ असतो. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची कायदेशीर मनाई आहे; परंतु तिच्याही कितीतरी आधीपासून कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करूनच होड्या पाण्यात लोटत आले आहेत. श्रावणात मटणाच्या दुकानांवरील गर्दी कोणाच्याही हुकमाविना ओसरते. खाटीक आणि कोळीण ते गृहीत धरून आपला वर्षाचा हिशेब मांडतात. त्याबद्दल त्यांची तक्रार नसते.

दूरच्या एका देशाचा दाखला येथे उपयोगी पडेल. कॅथलिक पंथाच्या जुन्या नियमानुसार नाताळचा आदला दिवस उपवासाचा व मांसवर्ज्य होता. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी उपवासाचे नियम शिथिल केले. तरीही पोलंडमधील बहुसंख्य घरांत त्या संध्याकाळी आजही मांस नसते. बीटाचे सार, मासळी, कोबीचे व अळिंबीचे पदार्थ अशी बारा पक्वान्ने मांडली जातात आणि अनपेक्षित पाहुण्यासाठी एक जागा रिकामी ठेवली जाते. मधल्या काळात तेथे धर्माला न मानणारी राजवट येऊन गेली, धर्मपीठाचा नियमही सैल झाला. व्रत मात्र राहिले. जे लोकांचे असते त्याला शिपायाची गरज नसते.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्रातील मांसबंदीचे आदेश पाहावेत. सप्टेंबर २०१५ मध्ये मीरा-भाईंदर महानगरपालिकेने पर्युषण काळात आठ दिवस मांसविक्री बंद ठेवण्याचे ठरविले. मुंबईतील विक्रीबंदीला त्या वेळी उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने स्वातंत्र्यदिनी मांसाची दुकाने बंद ठेवण्याचा आदेश काढला, अन्य काही पालिकांनीही तसेच केले आणि त्यासाठी १९८८ पासूनच्या निर्णयांचा आधार देण्यात आला. म्हणजे प्रथा जुनी आहे आणि तिला अनेक पक्षांच्या राजवटींनी हातभार लावला आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानेही २००८ साली अहमदाबादमधील पर्युषण काळातील नऊ दिवसांची कत्तलखानाबंदी वाजवी ठरविली होती. जैन बांधवांच्या अहिंसेविषयी आदर असलाच पाहिजे. तिचा वारसा थोर आहे. पण ज्याने व्रत घेतले त्याने ते पाळावे, यात त्या व्रताचे तेज असते. ज्याने घेतले नाही त्याच्या दुकानाला कुलूप लावून ते वाढत नाही.

आणि ते कुलूप कोणाच्या दाराला लागते? ज्यांच्याकडे शीतपेटी आहे त्यांनी आदल्या दिवशीच मांस आणून ठेवलेले असते. मोठ्या उपाहारगृहांचाही साठा असतो. बुडतो तो रोज पहाटे माल घेऊन दिवसभरात विकणारा छोटा खाटीक, त्याच्याकडे रोजावर राबणारा कारागीर आणि आठवड्याच्या एकुलत्या एका सुट्टीला पाव किलो मटण घेणारा मजूर. स्वातंत्र्यदिन ही त्या मजुराची हक्काची सुट्टी. त्या दिवशी त्याने काय शिजवावे हे आयुक्तांनी ठरवावे, यात स्वातंत्र्याचा गौरव कोणता? बुडालेल्या दिवसाची भरपाई खाटकाला देण्याचा विचारही या आदेशांत नसतो. दुसऱ्याच्या पुण्याचा खर्च गरिबाच्या रोजीतून वसूल करण्याचा हा प्रकार आहे.

दारू आणि मांस या दोन प्रश्नांना जोडणारा धागा आता स्पष्ट व्हावा. व्रत असो वा सण, त्याचा निर्णय जो राबतो, शिजवतो आणि खातो त्याने, आपल्या समाजाच्या साक्षीने, घ्यावयाचा आहे. तो निर्णय 'घेऊ नये' असा असेल तर शासनाने त्याच्या पाठीशी उभे राहावे. 'घ्यावे' असा असेल आणि त्याने इतरांना उपद्रव होत नसेल, तर शासनाने बाजूला व्हावे. अशा निर्णयाची लोकशाही साधने हाताशी नाहीत असेही नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना मद्याचे नियमन करण्याचा किंवा त्यावर बंदी घालण्याचा अधिकार मान्य केला आहे. परवानाधारक दारू-दुकानांबाबत महाराष्ट्रात गावातील वा प्रभागातील २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास मतदान घेता येते, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला कौल दिला तर दुकान बंद होते. गडचिरोलीत १९९३ साली आलेली दारूबंदी लोकचळवळीतून आली. चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ साली मंत्रिमंडळाने उठविली ती मात्र मुंबईत बसून. ज्या स्त्रियांनी त्या बंदीसाठी मोर्चे काढले होते त्यांचे मत त्या वेळी मतपेटीतून अजमावले गेले नाही, ही त्या निर्णयातील खरी उणीव.

म्हणून काही मागण्या नेमकेपणाने पुढे आल्या पाहिजेत. पहिली अशी की विक्रीसाठी नसलेल्या, घरगुती उपयोगाच्या, ठरावीक अल्प मर्यादेतील आंबवलेल्या पेयाला दारूबंदी कायद्यातून सूट असावी. आंबवणे आणि ऊर्ध्वपातन यांत भेद करता येतो. केवळ आंबवलेल्या पेयात मद्यार्काचे प्रमाण साधारणतः चौदा-पंधरा टक्क्यांपलीकडे जात नाही, कारण त्यापुढे यीस्टच तग धरीत नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे शंभराहून अधिक गरिबांचे प्राण गेले ते औद्योगिक मिथाइल अल्कोहोलच्या भेसळीने. आणि ती भेसळ नफ्यासाठी होते, घरच्या बरणीत नव्हे. सूट दिली तर तिच्या आडून धंदा होईल, अशी भीती घातली जाते. पण विक्री हा गुन्हा राहणारच आहे. अमेरिकेतही घरगुती वाइनला वर्षाकाठी प्रौढ माणसामागे शंभर गॅलनपर्यंत, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, करमुक्त मुभा आहे. येथे त्याचा विसावा हिस्साही पुरेसा होईल.

दुसरी मागणी अशी की पाड्यावरील मोहाच्या विधिवत वापराचा निर्णय ग्रामसभेवर सोपवावा, आणि त्या ग्रामसभेत स्त्रियांचे मत वेगळे नोंदवावे. स्त्रियांनी नको म्हटले तर ती हंडी चुलीवर चढता कामा नये. त्यांनी सणापुरते हो म्हटले तर कोणत्याही शिपायाने ती फोडता कामा नये. आणि तिसरी अशी की धार्मिक वा राष्ट्रीय दिवशी मांसविक्री बंद ठेवण्याचे पालिकांचे आदेश मागे घ्यावेत. जेथे लोकांचा स्वेच्छेचा त्याग आहे तेथे आदेशाची गरज नाही. जेथे तो नाही तेथे आदेशाला नैतिक आधार नाही.

या मागण्या घेऊन जाताना कार्यकर्त्यांनी दोन मोह टाळावेत. मद्यपान म्हणजे पुरोगामीपणा असे समजणारा एक वर्ग शहरांत तयार झाला आहे; घरच्या बरणीचा कैवार घेताना त्याच्या पंगतीला जाऊन बसण्याचे कारण नाही. उलट, मांसत्यागाची टिंगल करून सामान्य श्रद्धाळू माणसाला दुखविणे हाही उथळपणाच आहे. एकादशी करणारी आजी, शुक्रवारी मांस वर्ज्य करणारी वसईची शिक्षिका, देवीच्या नावाने दारू सोडणारा आदिवासी आणि आडव्या बाटलीला मत देणारी गावची बाई यांना एकत्र आणणारी गोष्ट त्यांचा आहार नाही. त्यांचा स्वतःचा निर्णय ही आहे. तो निर्णय त्यांच्या हाती राहावा यासाठी गावठाणात, पाड्यावर आणि मंडईत जाऊन लोकांशी बोलणे, ग्रामसभा भरविणे, खाटकांच्या व कोळणींच्या संघटनांना साथ देणे, हे काम आज कार्यकर्त्यांपुढे आहे. ते सणासुदीपुरते नव्हे, वर्षभर करावयाचे आहे.